देण्यापूर्वीचा काळ : सेवानिवृत्तीनंतरचे चीवर-विणकाम

या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासलेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा विषयासाठी मला फार शोध घ्यावा लागला नाही. ३४ वर्षे गणित शिकवून मी सेवानिवृत्त झाले. त्यानंतर हातमागावर बसून भिक्खूसंघासाठी चीवराचे कापड विणण्यास शिकले. या उद्योगात हात जितके गुंतले, त्याहून अधिक मन गुंतले. आणि मनाला जे प्रश्न पडले त्यांची उत्तरे शोधताना तिपिटकातील काही स्थळे नव्याने वाचावी लागली. त्या वाचनाचा व अनुभवाचा हा एकत्रित आढावा आहे. विद्यालयातील विद्यार्थ्यांना तो पाठासारखा उपयोगी पडावा आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विचारास प्रवृत्त करावा, एवढीच अपेक्षा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चीवर हातानेच विणलेले असावे, असा विनयाचा नियम नाही. बाजारातून विकत आणलेले तयार चीवर श्रद्धेने अर्पण केले, तर तेही दानच आहे आणि त्यात काही उणे नाही. मग हाताने विणण्याचा खटाटोप कशासाठी? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. या लेखात त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे.

१. गोतमीचे वस्त्र

मज्झिम निकायातील १४२ वे सुत्त दक्खिणाविभंग या नावाने ओळखले जाते. भगवान बुद्ध कपिलवस्तू येथे निग्रोधारामात असताना महाप्रजापती गोतमी नव्या वस्त्रांची जोडी घेऊन त्यांच्याकडे आली. ही वस्त्रे तिने कोणाकडून करवून घेतली नव्हती. सूत तिनेच कातले होते आणि कापडही तिनेच विणले होते. ज्या बालकाला आईच्या मृत्यूनंतर तिने आपले दूध पाजून वाढविले, त्याच्यासाठी तिने ते विणले होते. तिने ते स्वीकारण्याची विनंती केली. बुद्धांनी ते वस्त्र संघाला देण्यास सांगितले. संघाला दिल्याने संघाचाही सन्मान होईल आणि आपलाही, असे ते म्हणाले. गोतमीने तीन वेळा विनंती केली आणि तिन्ही वेळा तिला तेच उत्तर मिळाले. शेवटी आनंदाने मध्यस्थी केली व गोतमीच्या मातृवत् उपकारांची आठवण करून दिली. त्यावर बुद्धांनी दानाचे विस्ताराने विवेचन केले. व्यक्तीला उद्देशून दिलेल्या दानाचे १४ प्रकार व संघाला उद्देशून दिलेल्या दानाचे ७ प्रकार त्यांनी सांगितले आणि व्यक्तीला दिलेले कोणतेही दान संघदानाहून श्रेष्ठ ठरत नाही, असा निर्णय दिला.

हे सुत्त मी पूर्वी अनेकदा ऐकले होते. तेव्हा माझे लक्ष दानाच्या वर्गीकरणाकडे असे. मागावर बसू लागल्यावर मात्र माझे लक्ष गोतमीच्या हातांकडे गेले. एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून जिने धागा न् धागा विणला, तिला ‘हे त्याच्यासाठी नव्हे, सर्वांसाठी दे’ असे तीन वेळा ऐकावे लागले. तिच्या मनाला काय वाटले असेल? सुत्तात त्याचे वर्णन नाही. ते ज्याचे त्याने समजून घ्यावयाचे आहे.

२. चीवर म्हणजे कोणते वस्त्र?

भिक्खूच्या तीन वस्त्रांना त्रिचीवर म्हणतात. कमरेला गुंडाळावयाचे ते अंतरवासक, अंगावर पांघरावयाचे ते उत्तरासंग आणि दुहेरी कापडाची थंडीसाठीची संघाटी. विनयपिटकाच्या महावग्गात चीवराविषयी एक स्वतंत्र खंधक आहे. त्यातील पुढील गोष्टी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवाव्यात.

चीवरासाठी सहा प्रकारच्या कापडांना अनुमती आहे : जवसाच्या धाग्याचे, कापसाचे, रेशमाचे, लोकरीचे, तागाचे आणि मिश्र धाग्यांचे. रंगही सहा उगमांचे सांगितले आहेत : मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ. रंग पुरेसा उकळला की नाही हे पाहण्यासाठी त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहण्याची रीतही तेथे सांगितली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही परीक्षा आजही तितकीच उपयोगी पडते. थेंब पसरला तर रंगाला अजून आच हवी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट चीवराच्या रचनेची आहे. मगध देशातून प्रवास करताना बुद्धांनी बांधांनी विभागलेली भातशेते पाहिली आणि तशा रचनेचे चीवर करता येईल का, असे आनंदाला विचारले. आनंदाने ते करून दाखविले. तेव्हापासून चीवर अखंड कापडाचे नसते. कापडाचे तुकडे करून, ते शेतांच्या बांधांप्रमाणे शिवून जोडले जातात. खंडांची संख्या पाच, सात, नऊ अशी विषम असते. तुकडे केलेल्या कापडाला बाजारात किंमत उरत नाही. त्यामुळे चोराला त्याचा मोह पडत नाही आणि ते वापरणाऱ्यालाही पडू नये. शिवाय नवे चीवर वापरण्यापूर्वी भिक्खू त्याच्या कोपऱ्यावर गडद रंगाचा एक ठिपका काढतो. त्याला कप्पबिंदू म्हणतात. नव्या वस्त्राचे निष्कलंक सौंदर्य त्या ठिपक्याने जाणीवपूर्वक मोडले जाते.

विणकरांच्या दृष्टीने आणखी दोन नियम महत्त्वाचे आहेत. भिक्खूने स्वतः सूत मागून आणून विणकराकडून कापड विणवून घेऊ नये; आणि कोणी उपासक आपल्यासाठी कापड विणवीत असेल, तर विणकराकडे जाऊन ‘अधिक लांब कर, अधिक रुंद कर, घट्ट विण’ असे सांगून त्याला आमिष दाखवू नये. निस्सग्गिय पाचित्तिय नियमांत २६ वा व २७ वा हे ते नियम होत. विणणाऱ्याच्या श्रमावर घेणाऱ्याने आपली हाव लादू नये, हा त्यांतील आशय आहे.

३. दानाची तीन अंगे

अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात वेळुकंटकी नंदमाता नावाच्या उपासिकेच्या दानाचा प्रसंग आहे. त्या निमित्ताने बुद्धांनी दात्याची तीन अंगे सांगितली आहेत. देण्यापूर्वी दात्याचे मन आनंदी असावे. देताना ते प्रसन्न असावे. दिल्यानंतर ते समाधानी असावे. उरलेली तीन अंगे दान घेणाऱ्याची आहेत.

तयार चीवर विकत घेऊन अर्पण करणाऱ्याला यांपैकी पहिल्या अंगासाठी कितीसा वेळ मिळतो? दुकानात जाणे, पैसे देणे, विहारात येणे, एवढाच. हाताने विणणाऱ्याचे तसे नाही. त्याचा ‘देण्यापूर्वीचा काळ’ महिन्या-महिन्यांचा असतो. त्या काळात मन रोज पाहावे लागते. ते कधी आनंदी असते, कधी कंटाळते, कधी वैतागते, कधी गर्वाने फुगते. हाताने विणण्याचे खरे मोल कापडाच्या पोतात नसून या लांबलेल्या काळात आहे, असे माझे मत झाले आहे. पुढील विवेचन या तीन अंगांच्या क्रमाने केले आहे.

४. देण्यापूर्वी : हा माग कोणाचा?

माझ्या देण्यापूर्वीच्या काळाची सुरुवात आनंदाने झाली नाही. ती घरातल्या वादाने झाली.

विदर्भात पूर्वाश्रमीच्या महार समाजातील असंख्य कुटुंबे जाडेभरडे सुती कापड विणीत असत. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात या व्यवसायाची नोंद आहे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे गिरण्यांच्या कापडापुढे खेड्यांतले माग एकेक करून थांबले. माझे आजोबा अशाच थांबलेल्या मागाचे शेवटचे विणकर. त्यांनी विणलेले कापड गाव वापरीत असे. पण ते घेताना हाताला हात लागू नये याची काळजी घेत असे. वडील गिरणीत लागले. आम्ही भावंडे शिकलो.

मी हातमाग शिकणार हे ऐकून माझे थोरले बंधू संतापले. “ज्या मागावरून बाबासाहेबांनी आपल्याला उठवलं, त्याच मागावर तू परत जाऊन बसणार? शाळेत खडू धरलेला हात तो!” असे ते म्हणाले. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. दादांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

उत्तर बाबासाहेबांच्याच लेखनात सापडले. १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही. ती श्रमिकांचीच विभागणी आहे. माणसाची आवड, कुवत, निवड यांना तिच्यात स्थान नाही. जन्मच त्याचे काम ठरवितो. म्हणजे दोष धोट्यात नव्हता, मागात नव्हता. आजोबांना निवड नव्हती, दोष त्यात होता. त्यांना माग सोडून शाळेत जाण्याचे स्वातंत्र्य नव्हते. मला शाळा मिळाली, पगार मिळाला, निवृत्तिवेतन मिळाले, आणि या सर्वांनंतर मागावर बसावे की बसू नये हे ठरविण्याचा अधिकारही मिळाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे घडले, त्याने आम्हाला हा अधिकार दिला. निवड करून धरलेला धोटा आणि जन्माने हातात कोंबलेला धोटा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बाबासाहेबांनी आपल्या तीन गुरूंत बुद्ध व फुले यांच्यासह ज्यांचे नाव घेतले, ते कबीरही विणकरच होते, हेही मी दादांना सांगितले.

दादांना हे पटले असे मी म्हणणार नाही. ते एवढेच म्हणाले, “विण. पण विकू नकोस.” मला विकावयाचे नव्हतेच.

येथे तरुण वाचकांना सावधगिरीचा इशारा देणे आवश्यक आहे. माझ्यासारख्या निवृत्तिवेतनधारकाला विणकाम हा आनंद आहे. पोटासाठी विणणाऱ्याला तो कष्टाचा व बहुधा अपुऱ्या मोबदल्याचा व्यवसाय आहे. आपल्या आनंदाच्या भरात त्याच्या कष्टांचे गोडवे गाऊ नयेत. त्याच्याकडून शिकावे, आणि शिकविण्याचा योग्य मोबदला द्यावा.

५. देण्यापूर्वी : शिकण्याचा क्रम

मला शिकविणारे विणकर माझ्याच वयाचे होते. मी त्यांना भाऊ म्हणत असे आणि ते मला ‘बाई’ म्हणत. पहिले तीन आठवडे त्यांनी मला मागावर बसू दिले नाही. लडीचे सूत रहाटावर कांडीला भरणे, एवढेच काम दिले. कांडी सैल भरली की धोटा फेकताना सूत अडकते; फार घट्ट भरली की तुटते. गणिताच्या शिक्षिकेला हे मोजून शिकता येईल असे वाटले होते. ते बोटांनीच शिकावे लागले.

त्यानंतर ताणा. कापडातील उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. ताण्याला आधी खळ द्यावी लागते, म्हणजे घर्षणाने धागे तुटत नाहीत. मग एकेक धागा क्रमाने फासातून व फणीच्या फटीतून ओवावा लागतो. एक धागा चुकला तर ती चूक कापडाच्या पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत रेघेसारखी दिसत राहते.

विद्यार्थ्यांनी पुढील हिशेब स्वतः करून पाहावा. कापडाची रुंदी ३६ इंच आणि दर इंचात ३६ उभे धागे धरले, तर एकूण १,२९६ धागे होतात. उत्तरासंगासाठी सुमारे ७ मीटर कापड हवे. मागावर वाया जाणारा भाग धरून ताणा ८ मीटरचा घ्यावा लागतो. म्हणजे ताण्यालाच १० किलोमीटरहून अधिक सूत लागते. बाणाही दर इंचाला ३६ धाग्यांचा धरला, तर ७ मीटर कापडासाठी धोटा सुमारे ९,९०० वेळा फेकावा लागतो, आणि त्यासाठी आणखी नऊ-साडेनऊ किलोमीटर सूत लागते. एका भिक्खूच्या एका वस्त्रात सुमारे २० किलोमीटर धागा असतो. २० नंबरच्या सुती धाग्याचे हे वजन भरते अवघे ६०० ग्रॅम. रोज वीतभर कापड विणले, तर महिनाभरात एक उत्तरासंग होते. माझ्या पहिल्या कापडाला मात्र चार महिने लागले.

उतारवयात हे काम शिकणाऱ्यांसाठी काही सूचना येथे देते. गुडघे दुखत असतील तर खड्डामागापेक्षा चौकटीचा उभा माग बरा. दिवसाच्या उजेडातच विणावे. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून चार पावले चालावे. पहिलेच काम चीवराचे घेऊ नये. आधी साधा रुमाल, मग विहारातील आसनाचे कापड, आणि दोन्ही काठ सरळ येऊ लागल्यावरच चीवराचा ताणा लावावा. रोज थोडे पण रोज विणावे. एका दिवसात हातभर विणण्याच्या मोहाने खांदा आठवडाभर धरतो, हे मी भोगून शिकले आहे.

धागा तुटण्याविषयी भाऊंनी सांगितलेले एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. “बाई, धागा तुटला म्हणून चिडायचं नाही. आधी तुटलेलं टोक शोधायचं.” शांत मनाला ते टोक लवकर सापडते, चिडलेल्याला सापडत नाही. विपश्यनेच्या शिबिरात जे मला दहा दिवसांत उमगले नव्हते, ते एका तुटलेल्या टोकाने दाखविले.

हा देण्यापूर्वीचा काळ सर्वत्र सारखा नसतो. म्यानमारमध्ये कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या तझाउंगमोन महिन्याच्या पौर्णिमेला यांगोनच्या श्वेडगॉन पॅगोड्यावर रात्रभर चीवर विणण्याच्या स्पर्धा होतात आणि पहाटे ती चीवरे बुद्धमूर्तींना अर्पण केली जातात. बांगलादेशातील रांगामाटी येथील राजवन विहारात चाकमा स्त्रिया कापसापासून सूत कातून, रंगवून, कमरेच्या मागावर विणून, शिवून चोवीस तासांच्या आत चीवर सिद्ध करतात. तेथे रात्र एक असते आणि हात शेकडो असतात. माझ्याकडे हात दोनच होते आणि दिवस पुष्कळ होते. मार्ग भिन्न असले तरी दान करण्यापूर्वी मनाला त्या दानात मुरू देणे, हा हेतू समानच आहे.

६. देताना : कात्री

वर्षावास आषाढ पौर्णिमेस सुरू होतो व अश्विन पौर्णिमेस संपतो. त्यानंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या एका महिन्यात कठिन चीवरदान करता येते. एका विहारात वर्षातून एकदाच ते होते. भिक्खूने ते सुचवून वा मागून घ्यावयाचे नसते. उपासकांनी आपणहून द्यावयाचे असते. दान संघाला असते. कोणत्या भिक्खूला ते चीवर द्यावे हे संघ ठरवितो, आणि दुसऱ्या दिवसाचा अरुणोदय होण्यापूर्वी ते कापून, शिवून, रंगवून पूर्ण करावे लागते.

मी माझे कापड पांढरेच नेले होते. एक गोष्ट मात्र कोणालाही सांगितली नव्हती. कापडाच्या एका काठात मी एक निळा धागा घातला होता. शिवल्यावर, रंगविल्यावरही आपले कापड आपल्याला ओळखू यावे, एवढाच त्यामागे हेतू होता. निदान तेव्हा मला तो ‘एवढाच’ वाटला होता.

संघाला कापड अर्पण झाले. थोड्या वेळाने दोन भिक्खूंनी ते जमिनीवर अंथरले, मापे टाकली आणि एकाने कात्री हाती घेतली. चार महिने ज्या कापडाचा एक धागा तुटला तरी माझा जीव खालीवर होई, त्याचे काही मिनिटांत तुकडे होऊ लागले. चीवर तुकड्यांचे असते हे मला ठाऊक होते; मगधाच्या शेतांची गोष्ट मी वर्गात सांगितली होती. तरीही कात्रीच्या पहिल्या आवाजाला माझ्या डोळ्यांत पाणी आले.

भंतेजींचे लक्ष त्या निळ्या धाग्याकडे गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण रागावले नाहीत. “उपासिके, न कापलेल्या काठाचं चीवर भिक्खूला चालत नाही. विनयात तसं सांगितलं आहे. हा काठ काढावा लागेल,” असे म्हणून त्यांनी ती बोटभर पट्टी कापून बाजूला ठेवली.

ती पट्टी पाहताना मला गोतमी आठवली. तिला ‘संघाला दे’ असे तीन वेळा का सांगावे लागले असेल, याचा काहीसा उलगडा मला त्या क्षणी झाला. मी कापड दिले होते, पण काठातून एक धागा स्वतःकडे धरून ठेवला होता. देताना मन प्रसन्न असावे, असे सुत्त सांगते. प्रसन्नतेच्या आड येणारा धागा नेमका कोणता, हे मला चार महिने विणूनही दिसले नव्हते. ते कात्रीने दाखविले.

७. दिल्यानंतर

म्यानमारमध्ये ताडपत्रावरील ग्रंथांना गुंडाळण्यासाठी सझिज्यो नावाच्या अरुंद, लांब पट्ट्या विणल्या जात. त्यांवर अक्षरेच विणलेली असत : दात्याचे नाव, त्याची पदवी, त्याने केलेले दान आणि पाहणाऱ्यांनी ‘साधु’ म्हणावे अशी विनंती. छापील ग्रंथ आल्यावर ही कला मागे पडली. त्या पट्ट्या पाहून आपण त्यांना अहंकाराच्या खुणा म्हणू नये. दुसऱ्याच्या पुण्याचे अनुमोदन करण्याची संधी पाहणाऱ्याला मिळावी, असा तिथला भाव आहे. पण चीवर हे वस्त्र वेगळे आहे. त्यावर नाव नाही, काठ नाही, अखंडपणा नाही. विणणाऱ्याची ओळख त्यात राहू नये, अशीच त्याची घडण आहे.

त्या कार्यक्रमाला दादा आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भिक्खू ओळीने भोजनदानासाठी निघाले, तेव्हा त्यांनी मला विचारले, “यातलं तुझं कोणतं?” मी पाहिले. सगळी चीवरे एकाच रंगाची, एकाच घडणीची होती. मला खरोखरच ओळखता आले नाही. मी तसे सांगितले. दादा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र ताणा लावण्याच्या दिवशी ते घरी आले आणि दुसरे टोक धरून उभे राहिले. ते अजून मागावर बसलेले नाहीत. मी आग्रहही केला नाही. निवडीचा अधिकार त्यांचाही आहे.

८. विणकराची मुलगी आणि उरलेला ताणा

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी येथील विणकराच्या मुलीची कथा आहे. बुद्धांनी आळवीत मरणस्मृतीचा उपदेश केला. तो ऐकणाऱ्यांपैकी एकट्या या सोळा वर्षांच्या मुलीने तीन वर्षे त्यावर मनन केले. बुद्ध पुन्हा तेथे आले, त्या दिवशी तिला वडिलांसाठी कांड्या भरून द्यावयाच्या होत्या. तिने आधी ते काम पूर्ण केले, आणि ती येईपर्यंत बुद्ध सभेत मौन धरून बसले. कोठून आलीस, कोठे जाणार, ठाऊक नाही काय, ठाऊक आहे काय, असे चार प्रश्न त्यांनी तिला विचारले. मागील जन्म ठाऊक नाही, पुढील ठाऊक नाही, मरण येणार हे ठाऊक आहे, केव्हा ते ठाऊक नाही, असा तिच्या उत्तरांचा अर्थ होता. त्यानंतर ती वडिलांकडे गेली. मागावर डुलकी लागलेल्या वडिलांनी दचकून जागे होताना माग ओढला; त्याचे टोक तिच्या छातीला लागले आणि ती मरण पावली. शोकाकुल पिता बुद्धांकडे आला व पुढे प्रव्रजित झाला.

मूगपक्ख जातकात आयुष्याला विणल्या जाणाऱ्या कापडाची उपमा दिली आहे. जसजसे विणावे तसतसे विणावयाचे उरलेले कमी होत जाते. माणसाचे जीवितही तसेच. तरुणपणी ही उपमा केवळ सुंदर वाटते. साठीनंतर मागावर बसणाऱ्याला ती रोज डोळ्यांनी दिसते. पुढ्यातले कापड वाढत जाते आणि पलीकडचा ताणा आखूड होत जातो. पण त्या दृश्यात भय नाही. ताणा उरला आहे तोवर धोटा फेकायचा, तुटले तर टोक शोधायचे, आणि पूर्ण झाले की देऊन टाकायचे, एवढाच त्यातला बोध आहे.

निवृत्त माणसाचे मोठे दुःख हे की, ‘माझे’ म्हणावे असे काम संपते. नव्या छंदात आपण पुन्हा ‘माझे’ शोधू लागतो. चीवराचे विणकाम काम देते, पण ते ‘माझे’ होऊ देत नाही. म्हणूनच या वयाला ते योग्य आहे, असे मला वाटते. तो निळ्या धाग्याचा काठ मी भंतेजींकडून मागून घेतला नाही. त्याची आठवण पुरेशी आहे.

विद्यालयातील बालमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी विणकर होईल, कोणी अभियंता, कोणी शिक्षक, कोणी भिक्खू. जे व्हाल ते निवडीने व्हा. आणि जे निर्माण कराल त्यातील काही भाग, आपला धागा मागे न ठेवता, इतरांना द्या.

मननासाठी प्रश्न

१. गोतमीचे वस्त्र संघाला देण्यास बुद्धांनी का सांगितले? आपल्या शब्दांत लिहा.
२. चीवर तुकडे जोडून का शिवतात? कप्पबिंदूचा त्याच्याशी काय संबंध आहे?
३. रुंदी ४० इंच, दर इंचात ३२ उभे धागे आणि ताणा ६ मीटर असेल, तर ताण्याला किती मीटर सूत लागेल?
४. जन्माने लादलेले काम आणि निवडीने स्वीकारलेले काम यांतील भेद आपल्या घरातील एका उदाहरणाने स्पष्ट करा. त्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांशी बोला.
५. तुम्ही अलीकडे कोणाला काही दिले असेल, तर देण्यापूर्वी, देताना आणि दिल्यानंतर तुमचे मन कसे होते? त्यात कोठे निळा धागा होता काय?

सर्वांचे मंगल होवो.